पोटदुखीची रजा

एंडोमेट्रिओसिस झालं की घरात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढायला लागतं आणि पाळी संपली तरी ओटीपोट ठणकत राहतं. एवढी साधी गोष्ट. पण आमच्या सोलापुरात ती सोडून बाकी सगळं लोकांना माहीत असतं! मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. तिथं तर विचारूच नका.

*

पहिले डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की थांबेल." लग्न केलं.

दुसरे म्हणाले, "मूल झालं की थांबेल." मुलगी झाली. दुखणं जागच्या जागी!

तिसऱ्यांकडे जाताना मी नवऱ्याला विचारलं, "आता हे काय सांगतील हो?"

"जावई आला की थांबेल," नवरा म्हणाला.

*

सासूबाई करमाळ्याहून आल्या तेव्हा मी गरम पाण्याची पिशवी पोटावर घेऊन पडले होते.

"आमच्या येळंला असलं काय नव्हतं बाई. पाळी असू दे न्हायतर काय बी असू दे, आमी रानात!"

"तुमचं दुखायचं नाही?"

"लई दुखायचं की! बांधावर आडवी पडायची मी."

"मग?"

"मग काय? असलं काय नव्हतं म्हणलं की!"

*

आमचे सुपरवायझर एकदा वैतागले. "दर महिन्याला पोट! जरा दुसरं कारण द्या की मॅडम."

पुढच्या महिन्यात दिलं. नातेपुत्याचे मामेसासरे वारले म्हटलं. रजा लगेच मंजूर! वर "धीर धरा" म्हणाले.

आठवड्याभरात "मी हिचा नातेपुत्याचा मामेसासरा" म्हणत मामेसासरे स्वतः कारखान्यात हजर. लग्नात द्यायला टॉवेल स्वस्तात मिळतील का, विचारायला. सुपरवायझर एकदा त्यांच्याकडं बघतायत, एकदा माझ्याकडं.

म्हटलं, "सर, दुखणं खरं होतं. मरण तेवढं खोटं."

*

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. तपासून म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे." मला तिथंच रडू फुटलं, आणि मग आधीच्या सगळ्यांचा असा राग आला म्हणता! बाईंनी दिलेल्या गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण दुर्बिणीचं ऑपरेशन लागणार होतं. पुढं महिनाभर विश्रांती.

सुपरवायझर म्हणाले, "एवढी रजा मालकच देतील." मालक म्हणाले, "बघू." त्यांचं ते बघणं दिवाळीपासून चालू होतं. न विचारता रजा घेतली तर नोकरी जाणार, नोकरी धरून बसलं तर दुखणं वाढणार.

*

आमच्याकडं इस्त्रीला नरसक्का आहे. कुणाचं पोट दुखायला लागलं की ती एक टॉवेल इस्त्रीखाली तापवून देते आणि आम्ही तो ड्रेसच्या आत पोटाला बांधतो. त्या दिवशी सुटी व्हायच्या वेळीच कळ आली. नरसक्कानं टॉवेल दिला, मी बांधला आणि तशीच गेटवर गेले. आता टॉवेल कारखान्याच्या गेटवर बायकांची झडती कशासाठी असते? कमरेला टॉवेल गुंडाळून कुणी नेऊ नये म्हणून! गेटवरच्या बाईनं बरोबर पकडलं.

मला केबिनमध्ये उभं केलं. मालकांना लग्नाला जायचं होतं, म्हणून मालकीणबाई नटूनथटून बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"टॉवेल चोरायचा, आणि वर पोट दुखतंय सांगायचं?" मालक म्हणाले.

मी टॉवेल सोडून टेबलावर ठेवला. "हात लावून बघा मालक. चोरायचा असता तर तापवून नेला असता का? आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या माझ्या ऑपरेशनच्या रजेचं काय झालं?"

"बायकांचं हे चालायचंच!" मालक ओरडले. "आमच्या हिनं आजवर एकदा तरी दुखतंय म्हटलंय का? विचार की तिलाच!"

मी काही विचारायच्या आत मालकीणबाईंनी टेबलावरचा टॉवेल उचलला, पदराआड ओटीपोटावर दाबून धरला आणि डोळे मिटून घेतले.

"अजून गरम आहे," त्या म्हणाल्या. "तिची रजा मंजूर करा. आणि त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात, ते विचारून घ्या."