वाळेपर्यंत बोलायचं नाही

आमच्या बाबांचा चेहरा शेवटपर्यंत तुळतुळीत होता. रागावणारी माणसं लवकर म्हातारी होतात असं म्हणतात, ते साफ खोटं आहे. जी माणसं दुसऱ्याला रडवून स्वतः पोटभर जेवतात त्यांना सुरकुत्या पडत नाहीत. मी आयुष्यभर एकाच घरात हा प्रयोग पाहिला आहे, त्यामुळे मला यावर कोणाचं मत ऐकायचं नाही.

आईचं उलट होतं. माझ्यानंतर तिची दोन बाळंतपणं झाली, दोन्ही लेकरं राहिली नाहीत, आणि दर वेळी तिच्या गालांवरचा वांग थोडा अधिक पसरला. पस्तिशीतच कानशिलं पांढरी झाली. बाबांपेक्षा ती सहा वर्षांनी लहान होती, पण हे लोकांना सांगावं लागायचं. ते सांगायचं काम बाबांचं होतं.

काटोलला आईच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. पंगतीत वाढणं चाललं होतं. आई, बाबा आणि मी मांडवाच्या कडेला उभे होतो. वरपक्षाकडची एक बाई बाबांजवळ आली आणि कौतुकानं म्हणाली, "मायले सोबत आणलं काय जी? बरं केलं. नाही तं आजकाल म्हाताऱ्या माणसाले कोण नेते लग्नाले!"

बाबांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. ते हसले आणि म्हणाले, "हो जी, मायच आहे. तिच्याशिवाय माह्यं पान हालत नाई."

बाई समाधानानं पुढे गेली. आईच्या हातात बुंदीची ताटली होती, ती तिनं तशीच खाली ठेवली. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाबांनी मात्र हा किस्सा पुढे वर्षभर पुरवून पुरवून सांगितला. कचेरीत सांगितला, महाल भागातल्या आमच्या गल्लीत सांगितला, घरी आलेल्या पाहुण्यांना तर आईनं चहा आणून ठेवतानाच सांगितला. सगळे हसायचे. आईही हसायची, कारण न हसणारीला आमच्याकडे लगेच 'नाकाला मिरच्या झोंबल्या' म्हणत.

त्यानंतर आईनं चेहऱ्याचं मनावर घेतलं. थंडीत मामा काटोलहून संत्र्यांची पेटी एसटीवर चढवून द्यायचे. एरवी सालं गाईपुढे जायची. त्या वर्षापासून ती सुपात पसरून गच्चीवर वाळत पडायला लागली. कडकडीत वाळली की आई ती खलबत्त्यात कुटायची, जुन्या मलमलीतून गाळायची, त्यात मसुरीचं पीठ, चिमूटभर हळद आणि दुधावरची साय घालायची. दुपारी सगळं आवरलं की हा लेप लावून ती मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. मानेवर लेप लावायचं काम माझं होतं. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, असा तिचा नियम होता. नाही तर लेपाला भेगा पडतात आणि तशाच भेगा मग चेहऱ्याला पडतात, असं ती म्हणायची. त्या वेळात मी तिला मुद्दाम हसवायला बघायची आणि ती डोळे वटारून मला गप्प करायची.

तिला काही नटी व्हायचं नव्हतं. तिनं मला एकदाच सांगितलं होतं. "पुढच्या लग्नाले गेलो ना, तं कोणी विचारलं की त्याईनं म्हणावं, ही माही बायको आहे. बस."

एवढंच हवं होतं तिला. आणि त्यासाठी लेप पुरता वाळायला हवा होता. तो वाळायचा नाही. बाबांची कचेरी जवळ होती, ते कधीही मधेच घरी टपकायचे. अंगणात सायकलचं स्टँड खटकन पडल्याचा आवाज आला की आई उठून मोरीत पळायची आणि अर्धा ओला लेप खसाखसा धुऊन टाकायची. पण हळदीचा पिवळटपणा केसांच्या कडेला राहायचाच. बाबा तो बरोबर हेरायचे. "काहून वं, हळद लागली काय तुले? दुसऱ्या नवऱ्यासंगं चालली काय?" लेपानं माणूस तरुण होत नाही, पावडरीनं काटोलची माय मुलगी होत नाही, हे बाबांनी तिला जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर शिकवलं. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी सालं कुटायला बसायची. तिची जिद्द पाहून मला तिचाही राग यायचा. त्या माणसासाठी कशाला, असं वाटायचं.

पुढच्या लग्नाला ती गेलीच नाही. मी कॉलेजात असताना तिला कावीळ झाली आणि ती महिन्याभरात गेली. तिला नेलं तेव्हा तिचा चेहरा पिवळा होता. बाबा रडले नाहीत. 'पुरुषानं रडून कसं चालेल' असं सगळ्यांनीच त्यांच्या वतीनं सांगून टाकलं. मी त्यांच्याकडे लक्ष ठेवून होते, म्हणून मला माहीत आहे.

वर्षश्राद्ध व्हायच्या आत आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडे मुक्कामाला आली. तिचं सासर भिवापूरचं. येताना तिनं दोन गोष्टी आणल्या, तिथल्या लाल मिरच्यांचं पोतडं आणि एक स्थळ. बाई भंडाऱ्याकडची होती, तिशी ओलांडलेली, वडील नसल्यामुळे लग्न राहून गेलेली. "घराले बाई पायजे," आत्या म्हणाली. मी घरात होते, मी बाई नव्हते काय, असं विचारलं तर म्हणाली, "तू काय, आज आहे, उद्या उडून जाशीन." बाबांचं वय तिनं बेचाळीस सांगून ठेवलं होतं. खरं वय पन्नाशीला टेकलेलं.

मग बाबांचं सुरू झालं. न्हावी घरी आला, केसांना कलप लागला, मिशीला लागला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मुलीचे दोघे भाऊ बाबांना पाहायला यायचे होते, त्या दिवशी सकाळी बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात आईचा पत्र्याचा डबा. त्यात तिनं वाळवलेली शेवटची सालं होती, कुटायची राहून गेलेली.

"तो लेप करून दे ना वं. तुले येते."

पाच वर्षं ज्या लेपावर ते थुंकले होते, तो लेप. मी म्हटलं, "मले नाई येत."

"तुह्या मायनं शिकवला नाई काय?"

"तिनं शिकवला. तुमी शिकू नाई दिला."

आणि मी डबा त्यांच्या हातातून घ्यायला गेले, पण त्यांनी तो सोडला नाही. मी गच्चीवर जाऊन बसले. खालून खलबत्त्याचा आवाज येत होता. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा पेला विसळला नव्हता तो आईची सालं कुटत होता. तो आवाज मला सहन होईना.

थोड्या वेळानं बोंब ऐकू आली. खाली धावले तर बाबा मोरीत तोंडावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होते. झालं होतं असं की, आदल्या दिवशी आत्यानं त्याच खलबत्त्यात भिवापुरी मिरच्या कुटल्या होत्या आणि तो नुसता फडक्यानं पुसून ठेवला होता. स्वयंपाकघरात वावरलेलं कोणीही, पोरसुद्धा, आधी खलबत्त्यात बोट फिरवून पाहील, धुऊन घेईल. बाबांना कुठून माहीत असणार? बरं, झोंबायला लागल्यावर तरी उठावं. पण त्यांना वाटलं, झोंबतंय म्हणजे औषध लागू पडतंय. लेप थंड असतो, हे आईला कधी विचारलं असतं तर कळलं असतं. त्यांना सायकलच्या स्टँडचीही भीती नव्हती. पार वाळेपर्यंत ते बसून राहिले. ओल्या बोटांनी धुताना मग डोळ्यांतही गेलं.

आत्या माझ्यावर धावून आली. "तूच टाकलं तिखट! बापाचं चांगलं नाई पाहवत तुले!"

"मी टाकलं असतं तं मूठभर टाकलं असतं," मी म्हटलं.

तिनं माझ्या थोबाडीत दिली. तिच्या हातालाही मिरच्यांचा वास होता.

साय चोपडून, ओला पंचा ठेवून काही उपयोग झाला नाही, तोवर मुलीचे भाऊ दारात आले. आता फिसकटणार, अशी मी मनातल्या मनात खात्री करून घेतली आणि पहिल्यांदाच खुशीनं पोहे केले. बाबा बैठकीत बसले होते, गाल लालबुंद, डोळ्यांतून सारखी धार.

थोरला भाऊ म्हणाला, "तब्येत छान आहे जी. गालावर लाली आहे. बेचाळीसचेही वाटत नाई." धाकटा मात्र डोळ्यांकडे पाहत होता. आत्यानं ते पाहिलं. ती बाई वकील व्हायची राहिली. तिनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "काय सांगू भाऊ, पहिलीचं नाव निघालं की असंच होते त्याले. अजून सावरला नाई."

थोरल्यानं पोह्यांची बशी खाली ठेवून बाबांच्या हातावर हात ठेवला. "पहिलीसाठी इतका रडते, तो माणूस दुसरीले जपीन," असं तो जाताना अंगणात धाकट्याला म्हणाला. मी रिकाम्या बशा घेऊन दारात उभी होते. माझी आई गेली तेव्हा जे पाणी त्या डोळ्यांतून निघालं नाही ते भिवापूरच्या मिरचीनं काढलं, आणि तिच्याच नावावर खपलं. लग्न तिथंच ठरलं.

बाबांच्या नव्या बायकोला मी मावशी म्हणायचे. तिचा राग करायचं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. ती गरीब होती, आणि माझ्या लग्नात माझ्या आईचा फोटो पाटावर ठेवायला हवा असं म्हणणारी ती एकटी होती. लग्नानंतर मी शहरातल्याच नंदनवन वस्तीत राहायला गेले. माझ्या मुलीच्या बारशाला बाबा आणि मावशी आले, तेव्हा शेजारच्या बाईनं मावशीला सहज विचारलं, "तुमचे वडील काय वं हे?"

बाबांनी ऐकलं. माझ्या जिभेवर अगदी आलं होतं की, हसा ना आता, सांगा, हो जी, लेकच आहे. पण बाबा हसले नाहीत. बारशाचं न जेवता ते उठून गेले, आणि हा किस्सा त्यांनी कधीही कोणाला सांगितला नाही.

त्याऐवजी त्यांनी मावशीचं रूप आवरायला घेतलं. पावडर बंद. गडद रंगाची लुगडी पेटीत. तिच्या कपाळावर दोन-चार केस पिकले होते, त्यांना मेंदी लावायची नाही. एकीला म्हातारी दिसते म्हणून छळलं, दुसरीनं म्हातारी दिसावं म्हणून छळलं. चाळिशीतली ती बाई पाहता पाहता साठीची दिसायला लागली आणि बाबा पुन्हा तिच्याबरोबर लग्नांना जायला लागले.

एका हिवाळ्यात दुपारी बाबा तिला माझ्याकडे सोडून पेन्शनच्या कामाला गेले. मी सालं कुटत होते. दर वर्षी कुटते, आईची सवय. मी म्हटलं, "ये, तुले लावून देते."

"नको वं बाई. त्याईले नाई चालत." पण बसली. मी साय कालवत असताना ती म्हणाली, "मले भावांनी सांगितलं होतं, पहिलीसाठी रडणारा माणूस आहे. म्हणून मी हो म्हटलं. तुह्या मायवर लय जीव होता ना त्याईचा?"

मी आधी लेप लावला. कपाळ, गाल, हनुवटी, मान. "वाळेपर्यंत बोलायचं नाही," असं बजावलं. आणि मग तिला सगळं सांगितलं, काटोलपासून खलबत्त्यापर्यंत. तिला उलट बोलता येऊ नये, बाबांची बाजू घेता येऊ नये, म्हणून मी ती वेळ निवडली होती. ती माझ्याकडे एकटक पाहत राहिली. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळेना.

दाराची कडी वाजली. बाबा होते. मावशी अर्धी उठली, मोरीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसली. मीच दार उघडलं.

"हे काय लावून बसली? काहून वं?"

ती बोलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. ती नुसती त्यांच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लेपातून दोन ओघळ खाली आले. बाबा घाबरले. जवळ वाकून माझ्याकडे पाहत म्हणाले, "डोळ्याले पाणी काहून आलं हिच्या? तिखट तं नाई ना पडलं त्यात?"

मावशीनं तेव्हा डोळे मिटले. तिला जे कळायचं होतं ते कळलं.

"वाळल्याबिगर ती बोलणार नाही. बसा," मी म्हटलं. आणि बाबा खुर्चीवर बसले.

वाळल्यावर ती उठली, तोंड धुतलं, पुसलं आणि काही न बोलता चपला घालून त्यांच्यामागे निघाली. जाणार कुठं? भावांच्या घरी तिची जागा उरली नव्हती. मी दारात उभी राहून तिचा स्वच्छ, उजळ चेहरा दिसेनासा होईपर्यंत पाहिला, आणि मला तिचा हेवा वाटला, आईच्या वतीनं. तिचा लेप एकदा तरी पूर्ण वाळला. माझ्या आईचा एकदाही वाळला नाही.