दोन रंगांचं मशीन

वस्तू टाकताना माणसाच्या जिवावर आलं पाहिजे, असं आमच्या भावोजींचं ठाम मत होतं. भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. बाजारामागच्या बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं; मिक्सर, पंखे, इस्त्र्या, वॉशिंग मशीन, जे बंद पडेल ते. एखादी बाई "आता नवीनच घेते" म्हणाली, की ते चष्म्याच्या वरून असे बघायचे, की आपण सासूलाच घराबाहेर काढतोय असं तिला वाटावं. ती मिक्सर मुकाट्याने ठेवून जायची. "तुमचा धंदा हातावर नाही, डोळ्यांवर चालतो," असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. ते नाकारायचे नाहीत.

मग आमच्या भागातल्या नगरपालिकांनी मिळून पुनर्वापर केंद्र काढलं. आपल्या भागातली वस्तू आपल्याच भागात फिरत राहावी, कचऱ्याच्या डोंगरावर जाऊ नये, अशी कल्पना. एका बंद गिरणीच्या शेडचे दोन भाग केले. अलीकडे दुरुस्ती, पलीकडे वस्तू चिरडायचं यंत्र. केंद्राचे साहेब स्वतः दुकानात येऊन बसले आणि भावोजी विरघळले. आयुष्यभर बोळात एकट्याने जे केलं, ते आता सगळा भाग करणार होता. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, केंद्रात दोन मेकॅनिक शिकवून तयार केले आणि मलाही वजनकाट्यावर चिकटवलं. गाडीतून वस्तू उतरली की तोलायची आणि तिच्यावर खडूने 'दुरुस्ती' नाहीतर 'तोडणी' लिहायचं, एवढंच माझं काम.

वस्तूंचा पूर आला, आणि तिथेच गोम होती. आणून देणाऱ्या बायका त्याच, दुकानातल्या. "तुमच्या हातात पडतंय म्हणजे कुणाच्या तरी कामी येणारच," म्हणायच्या आणि तिथूनच नव्याच्या दुकानाकडे वळायच्या. पूर्वी टाकताना जिवावर यायचं, आता टाकलं की पुण्य लागायला लागलं. रंग जुना वाटतो म्हणून चांगला फिरता पंखा यायचा. द्यायला दारात रांग, न्यायला चिटपाखरू नाही. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना द्यावं म्हटलं, तर तेही हप्त्यावर नवीन घेत. त्यांनी तरी दुसऱ्याचं वापरलेलं का घ्यावं? मला त्यांचा कधी राग आला नाही.

फळ्या भरल्या की साहेब म्हणायचे, "जागा करा." मग भावोजींनी दुरुस्त करून, पुसून ठेवलेले मिक्सर पलीकडच्या यंत्रात जायचे.

एकदा चहा पिताना ते म्हणाले, "दुकान होतं तेव्हा मी लोकांना टाकू देत नव्हतो. आता मीच दार उघडून बसलोय."

"अहो भावोजी, तुम्ही नसता तरी टाकलंच असतं त्यांनी."

"टाकलं असतं. पण लाजत टाकलं असतं."

 

वर्षभराने साहेबांनी सांगितलं, दुरुस्ती विभाग बंद होणार. चिरडायचं यंत्र तेवढं राहील.  नेमकं त्याच सुमारास माझ्या भाचीने, म्हणजे ताईच्या लेकीने, आणि जावयाने शेजारच्या शहरात घर घेतलं, आणि भावोजींच्या अंगात संचारलं. तीन मेलेल्या वॉशिंग मशीनमधून एक जिवंत करायचं ठरलं. एकाची मोटर, दुसऱ्याचा ड्रम, तिसऱ्याचं पांढरं अंग. पांढरं दार काही मिळेना, म्हणून राखाडी बसवलं.

"पोरीला विचारा तरी," ताई म्हणाली.

"बापाच्या हातचं आहे, विचारायचं काय? एक वस्तू तरी कुणाच्या घरी नांदू दे."

भाचीने मशीन पाहिलं तेव्हा तिची नजर आधी दारावर गेली. ते मला दिसलं. मग म्हणाली, "बाबा, मस्त झालंय." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, मी म्हटलं, चला, ही म्हण एकदा तरी खोटी ठरली. भावोजी स्वतः जाऊन पाइप जोडून आले. दाराचं रबर दर धुण्यानंतर पुसायचं, हे तिला चारदा बजावून आले. नंतर ते फोनवर आधी मशीनची चौकशी करायचे, मग लेकीची. ताईने कपाळाला हात लावला.

दुरुस्ती विभागाचे शेवटचे दिवस चालू असताना एका दुपारी शेजारच्या शहरातून जुन्या वस्तू गोळा करणारी गाडी आली आणि तिच्यातून ते उतरलं. पांढरं अंग, राखाडी दार.  मी घाईघाईने खडू उचलला. थेट पलीकडे ढकलावं, भावोजींच्या नजरेला पडू नये. पण ते मागेच उभे होते.

त्यांनी दार उघडून आतून बोट फिरवलं. "रबर पुसलेलं आहे," म्हणाले. मग वायर जोडून बटण दाबलं. ड्रम गुपचूप फिरायला लागला.

मेकॅनिकने विचारलं, "बिघाड काय आहे?"

"काही नाही."

मला रागाने रडू येत होतं. "लावा तिला फोन," मी म्हटलं, "नाहीतर मी लावते." त्यांनी लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा असतो. मला सगळं ऐकू आलं.

"बाबा? आत्ता कसा काय फोन?"

"सहज. मशीन कसं चाललंय?"

"मस्त. आत्ताच कपडे टाकलेत."

भावोजी समोर फिरणाऱ्या ड्रमकडे बघत होते. "आवाज वगैरे?"

"अजिबात नाही, बाबा."

"बरं. रबर पुसत जा."

"पुसते ना."

त्यांनी फोन खिशात ठेवला, वायर काढून नीट गुंडाळली. माझ्या हातातला खडू घेतला आणि पांढऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात 'तोडणी' लिहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. लाजेखातर परत न्यायला येईल."