चावा

आमच्या वरच्या क्वार्टरमधल्या काकांइतका कटकट्या माणूस देवानं भोपाळात दुसरा घडवला नसावा. टर्बाइनच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. बेअरिंगला निळा रंग लावून बसवायचं, डाग उठेल तो उंचवटा घासायचा, पुन्हा रंग, पुन्हा घासणं. रिटायर झाले तरी खोड कुठली जाते! काकूंचा पोळपाट डुगडुगतो म्हणून त्याचे पाय घासत बसले, ते पाय संपेपर्यंत. लग्नाच्या पंगतीत टेबलाखाली शिरून पायांना कागदाच्या घड्या लावायचे आणि वर जिलब्या संपून जायच्या.

कवळी बसवली तेव्हा तर कहर झाला. दातांचे डॉक्टरही चावा बघायला निळा कागद चावायला देतात आणि डाग उठेल तिथे घासतात, हे कळल्यावर काकांना माहेर सापडलं. अकरा वेळा गेले. दर वेळी तेच, "अजून डावीकडे टेकतंय!" शेवटी महाराणा प्रताप नगरातला तो तरुण डॉक्टर हात जोडून म्हणाला, "अंकल, दाँत हैं, टर्बाइन नहीं!" हे मी टाउनशिपभर हावभावांसकट सांगत फिरलो.

मग त्याच डॉक्टरकडे माझ्या दाढेवर कॅप बसली आणि दाढ ठणकायला लागली. पंधरा दिवस नुसती पेज. डॉक्टरनं तीनदा घासलं आणि म्हणाला, "दाँत निकाल देते हैं।" काकांनी मला जिन्यातच गाठलं.

"चावा बघताना खुर्ची आडवी होती ना?"

"हो."

"मग, तू काय आडवा होऊन जेवतोस? ताठ बसून चावून दाखव त्याला!"

म्हटलं, झालं, आता माझं बेअरिंग होणार! पण दाढ जायची वेळ आली होती, कुणाचंही ऐकलं असतं. काका स्कूटरवर मागे बसून आलेच. डॉक्टरनं तोंड वाकडं करत खुर्ची सरळ केली. मी चावलो. आधी कधी उठला नव्हता तिथे डाग उठला. दोनदा घासलं आणि दाढ वाचली.

परतताना काकांनी मागून विचारलं, "बरोबर बसलं ना रे?"

इतके दिवस ज्यांची टिंगल केली त्यांना मोठेपणा कोण देणार? "चालतंय," म्हणालो.

काका महिन्याभरात मुलीकडे इंदूरला गेले आणि तिकडेच वारले. 'चालतंय' म्हणजे अजून कुठेतरी टेकतंय, असंच धरून गेले असणार. काका, तंतोतंत बसली होती हो.