विचारून चाललेली वाट

मला अजून राग येतो, आणि तो नेमका कोणावर काढायचा हेच कळत नाही.

आमचं गाव इंग्लंडमधल्या रीडिंगपासून गाडीने वीस मिनिटांवर. गाव कसलं, ओढ्याकाठची मूठभर घरं! पण कारभार बघा. बाकडी पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, कचरा वरच्या कौन्सिलचा, आणि चर्चच्या भिंतीतला एक दगड हलवायचा तर तिसऱ्याच ऑफिसचं पत्र, कारण ती हेरिटेज. चर्च टेकडीवर, घरं खाली. मधे एक शेत आणि त्यातून वर जाणारी पायवाट.

शेजारच्या आजी त्या वाटेने रोज सकाळी चर्चच्या आवारात, नवऱ्याच्या कबरीपाशी जायच्या. ऐंशी ओलांडलेली बाई, काठी टेकत का होईना, पोचायची. रस्त्याने जावं तर लांबचा वळसा, फुटपाथ नाही आणि गाड्या नुसत्या अंगावर येतात.

गेल्या वर्षी ते शेत विकलं गेलं. नव्या मालकाने फाटकाला कुलूप ठोकलं आणि वर 'खासगी'ची पाटी. कौन्सिलच्या नकाशात वाट नाहीच म्हणे! पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून गेले, वाट झिजून खोल गेली, पण नकाशात नाही म्हणजे नाहीच.

आजी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. लोकांनी एखादी वाट बंद होण्याआधीची सलग वीस वर्षं उघडपणे वापरली असेल तर ती नकाशावर चढवता येते, हे त्यांनी शोधून काढलं आणि घरोघर साक्षीचे फॉर्म वाटले. मला म्हणाल्या, "तू नीट लिहितेस. तुझा फॉर्म चांगला होईल."

झाला ना! मी सॉफ्टवेअर टेस्टर, एकही रकाना रिकामा सोडवत नाही. 'वाट वापरताना कोणाची परवानगी घेतली होती का?' हा प्रश्न वाचून तर मी फुलूनच गेले. बारा वर्षांपूर्वी आई नागपूरहून पहिल्यांदा इथे आली, तेव्हा मला त्या वाटेवर बघून ओरडली होती, "अगं, दुसऱ्याच्या वावरातून न विचारता जातेस? काही लाज?" मग रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन मला शेताच्या तेव्हाच्या मालकाच्या, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, दारात उभं केलं. तो हसत सुटला. म्हणाला, "माझी अख्ख्या गावाला परवानगी आहे. कोणीही जावं." पुढे आई दर उन्हाळ्यात आली की आम्ही लाडू घेऊन पुन्हा विचारायला जायचो. हे सगळं मी लिहिलं. जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला. वाटलं, याहून पक्का पुरावा कुठला?

अर्ज फेटाळला गेला. पत्रात माझ्याच फॉर्ममधलं शेतकऱ्याचं ते वाक्य होतं. मी कौन्सिलला फोन केला. तिथली बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "न विचारता वापरली असती तर हक्क झाला असता. परवानगीने वापरली, म्हणजे तो मालकाचा चांगुलपणा. मालक बदलला की संपला."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बेधडक घुसणाऱ्याचा हक्क, आणि दारात जाऊन विचारणारा मूर्ख? हा काय कायदा झाला? आणि तो फॉर्म देण्याआधी कोणाला तरी दाखवावा, एवढी अक्कल मला का नसावी? आईला मी अजून सांगितलेलं नाही. काय सांगू, तुझ्या लाडवांनी वाट घालवली?

आजींकडे गेले आणि फोनवरचं सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, उलट चहा ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच घाईघाईने म्हटलं, "मी नेत जाईन ना गाडीने. ऑफिसच्या आधी. कधीही सांगा, फक्त हाक मारा."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"चाळीस वर्षं मी त्या वाटेने गेले," त्या म्हणाल्या, "कोणाला विचारलं नाही. आता नवऱ्याला भेटायला रोज तुला विचारू?"