“चपला घाल” म्हणणारं माणूस

डॉ. इंदुमती सावरगावकर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्या माझं लेकरू पळवून न्यायला आल्या आहेत अशी माझी पक्की खात्री होती. अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी बरी दिसत नाही, असं संपादक मंडळींनी मला हळूच सुचवून पाहिलं. पण डॉक्टरबाईंवर लिहायचं आणि भीतीला दाराबाहेर ठेवायचं, हे मला जमणार नाही.

माझी पूजा तेव्हा तान्ही होती. पुसेगावात आमच्या घरामागे शेळ्यांचा गोठा आहे. तिला पोटाशी धरून मी तिथं जाऊन बसले होते. बायकांचे आवाज यायचे, दिसायचं कोणीच नाही. ‘हिच्या पोरीला विष घालायचंय,’ असं त्या आपसांत बोलायच्या. भिंतीपलीकडून शेजारीण बोलावी इतकं स्वच्छ ऐकू यायचं. घरच्यांनी अंगारे-धुपारे सगळं करून पाहिलं. शेवटी माझे मालक सेनगावच्या दवाखान्यात जाऊन रडले, आणि तिथून निरोप गेल्यावर हिंगोलीहून डॉक्टरबाई जीपनं आल्या.

तोवर जो येईल तो मला “घाबरू नको” म्हणत होता. अरे, घाबरू नको काय? डॉक्टरबाई तसं म्हणाल्या नाहीत. गोठ्याच्या तोंडाशी, लेंड्या पडलेल्या जमिनीवर त्या तशाच बसल्या. म्हणाल्या, “तुला भीती वाटतेय, आणि ती खरी वाटतेय. मी आत येत नाही. कशाची वाटते तेवढं सांग.”

“लेकरू नेताल माझं.”

“नाही नेणार. गाडीत बसलीस तर ते तुझ्याच मांडीवर राहील.”

मी बसले. हिंगोली येईपर्यंत पूजा माझ्या मांडीवर होती. वॉर्डातही सासूबाईंना सोबत ठेवून त्यांनी मायलेकींना एकत्र ठेवलं. डॉक्टरबाईंनी दिलेला शब्द पाळला, हे त्या आजारातसुद्धा मला कळलं होतं.

माझ्या आजाराला सायकोसिस म्हणतात. गावात म्हणतात डोकं फिरलं. डॉक्टरबाईंचं आयुष्यभराचं संशोधन या आजारावर आहे. नुसत्या गोळ्या दिल्या तर काय होतं, आणि गोळ्यांच्या जोडीला घरच्या माणसाला तयार केलं तर काय होतं, हे त्या गावोगाव फिरून तपासतात. मी बरी झाल्यावर त्यांनी मलाही विचारलं. मी सरळ नाही म्हणाले. ‘संशोधन’ शब्द ऐकूनच अंगावर काटा आला, आता माझ्यावर प्रयोग करणार म्हणून! त्या हसल्या. “नाही म्हणालीस तरी गोळ्या मिळतील, आणि मीही मिळेन,” म्हणाल्या. पुढं कितीतरी महिने तसंच झालं. मग माझी मीच गेले आणि म्हणाले, घ्या मला.

त्यांची पद्धत अशी. माणूस बरं असताना त्यानंच एक माणूस निवडायचं. आजार उलटतोय असं त्या माणसाला वाटलं, तर त्यानं ठरलेला एकच शब्द उच्चारायचा. आजारी माणसानं तो ऐकला की वाद न घालता दवाखान्यात यायचं. मी म्हणाले, “मी तुम्हालाच निवडते.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी हिंगोलीत बसते. तुझ्या घरात तुझ्यासोबत भाकरी कोण खातं?”

मी सासूबाईंना निवडलं. आत्याबाई म्हणते मी त्यांना. आमच्या दोघींची भांडणं अख्ख्या गल्लीला पाठ आहेत, म्हणून सगळे चकित झाले. पण तोंडदेखलं गोड बोलणं आत्याबाईंच्या रक्तात नाही. “तू बिमार हाय” असं कुणी म्हटलं तर माझं टाळकं सणकणार, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. म्हणून शब्द ठरला, “चपला घाल.”

पुढं माझ्या गोळ्या डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली हळूहळू कमी होऊ लागल्या. सोयाबीन काढणीचे दिवस होते. मी ठणठणीत होते, निदान मला तसं वाटत होतं. फक्त पीठ जरा जास्त चाळत होते, आणि हंड्यातलं पाणी दोन-दोनदा ओतून देत होते. स्वच्छता ठेवायला काय हरकत आहे? एक दिवस दुपारी आत्याबाईंनी माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

“रेखा, चपला घाल.”

“काहून? काय झालंय मला? धडधाकट हाय मी!”

त्यांनी चपला आणखी पुढं सरकवल्या. हात थरथरत होते त्यांचे. मला वाटलं, हिनं डाव साधला; माझी पोर घेऊन मला तिकडं सोडून येणार. तरी मी चपला घातल्या. पटलं म्हणून नाही, शब्द दिला होता म्हणून. एसटीत पूजाला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसले, हिंगोलीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

डॉक्टरबाईंनी शांतपणे इकडचं तिकडचं विचारलं. मग विचारलं, “पूजा आज काय जेवली?”

“काही न्हाई. सकाळपासून पाणीबी देऊ दिलं न्हाई मी. पाण्याला वास येऊन राहिला. तिनं पिलं तर...”

माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं. आत्याबाईंनी पदरातून पेला काढला. घरी मी तोंड धुवायला मोरीत गेले की त्याच पेल्यानं त्या पूजाला चोरून पाणी पाजत होत्या. त्या दिवशी त्या नसत्या तर माझ्या लेकराचं काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. औषध पुन्हा वाढवलं. मी सावरले.

आजार परत येईल ही माझी खरी भीती नाही. तो आला तरी मला कळणार नाही, ही आहे. मी हे डॉक्टरबाईंना बोलून दाखवलं तेव्हा वाटलं, आता तरी म्हणतील, जाईल गं भीती. त्या म्हणाल्या, “राहू दे तिला. फक्त एकटीनं सांभाळू नकोस.” पुढं त्यांनी मला ‘सोबती’ म्हणून कामाला घेतलं. नव्यानं आजारी पडलेल्यांच्या घरी जाऊन मी बसते. उंबऱ्याबाहेर बसते, डॉक्टरबाईंसारखीच.

स्वतःचं चुकलं तर ते लपवणं त्यांना ठाऊक नाही. कळमनुरीला रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठका त्यांनी मोठ्या हौसेनं सुरू केल्या होत्या. तपासणीत त्यांचा काही फायदा दिसला नाही. डॉक्टरबाईंनी भरसभेत सांगितलं, “माझा अंदाज चुकला. बैठका बंद करू, आणि चुकला असंच लिहू.” त्या वेळी मला अभिमान वाटला होता. याचा पुढचा भाग माझ्यावर येणार आहे, हे काही ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात काम आटोपल्यावर त्यांनी मला विचारलं, “पूजाची परीक्षा कशी झाली?” मी सांगितलं. चहा आला. चहा पिताना त्यांनी पुन्हा विचारलं, “पूजाची परीक्षा कशी झाली गं?” मी पुन्हा सांगितलं, पण चेहरा लपवता आला नाही. त्या समजल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, “रेखा, आता मलाही माणूस निवडायला हवं. ज्या दिवशी मी औषध लिहून द्यायला नको, त्या दिवशी ते मला कळणार नाही.”

“तुमच्या मुलाला सांगा ना.”

“तो म्हणेल, आई, तू ठीक आहेस. इथले डॉक्टर माझे विद्यार्थी, ते लाजतील. तू सासूशी भांडणारी बाई आहेस. तू म्हणशील.”

“बाई, मला लई भीती वाटती.”

“वाटू दे,” त्या म्हणाल्या. “माझ्या चपला दाराशीच असतात.”

वयाचं विसरणं आहे की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही. तपासण्या चालू आहेत, आणि त्या त्यांनी स्वतःच मागितल्या. हे सगळं ग्रंथात छापू का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “छाप. चार लोकांना माहीत असलं म्हणजे मला पळता येणार नाही.”

डॉक्टरबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच म्हणतील. मीही म्हणते, पण माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे. रोज सकाळी दवाखान्यात शिरताना दाराशी त्यांच्या तपकिरी चपला दिसतात. मी त्या ओलांडून आत जाते. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून “आलीस?” म्हणतात, पूजाचं विचारतात, आणि मी जीव मुठीत धरून वाट बघते, पुन्हा विचारतात की काय. देवा, तो शब्द उच्चारायची पाळी माझ्यावर कधीच येऊ देऊ नको. आलीच, तर आत्याबाईंसारखे हात थरथरले तरी माझा आवाज फुटू दे. त्या रागावतील, माझ्याशी बोलणार नाहीत. पण मी त्यांना ओळखते. त्या चपला घालतील.