लॉर्नच्या नावाचा ठराव

लॉर्न सावचुक जानेवारीत गेला, आणि मार्च उजाडला तरी त्याच्या बायकोला, व्हर्नाला, एकही माणूस टोचून बोलला नव्हता. आमच्या शहराची ही खोडच आहे. इथं कुणाच्या पायावर पाय पडला तर ज्याचा चेंगरला तोच आधी सॉरी म्हणतो. तेव्हा व्हर्नालाही सगळे सॉरी म्हणत राहिले. दुकानात, चर्चच्या तळघरातल्या जेवणात, पेट्रोल भरताना. घरी जेवणाची भांडी आली, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आला, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या आल्या. तिनं ते सगळं फ्रीझरमध्ये रचलं, जमेल तसं खाल्लं आणि भांडी घासून ज्याची त्याला परत केली. रडू काही आलं नाही. आपल्याला झालंय तरी काय, असं तिला अधूनमधून वाटायचं, पण तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं.

व्हर्ना पाचव्या वॉर्डाची नगरसेविका. त्याआधी उभा जन्म तिनं शाळेच्या बसगाड्या मार्गी लावण्यात घालवला होता. बोलणं तुटक, काम चोख. लॉर्न कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, तिच्या अगदी उलट, बडबड्या. ती घरी नसली की मतदारांचे फोन तोच घ्यायचा. "माननीय बाई बाहेर गेल्यात. तुमचा खड्डा केवढा आहे ते मला सांगा, मी जेवताना त्यांच्या कानावर घालतो," असं म्हणायचा, आणि खरंच घालायचा. तो गेल्यावर फोन वाजतच राहिला. ती उचलायची, खड्डा लिहून घ्यायची आणि ठेवून द्यायची.

आता बर्फाच्या बांधाचं सांगायला हवं. बर्फ सारणारी गाडी रस्ता साफ करते खरी, पण जाता जाता प्रत्येक घराच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून जाते. तो फोडायचा म्हणजे दगडच फोडायचा. म्हाताऱ्यांच्या दारातला बांध पालिका फुकट काढून द्यायची. या हिवाळ्याआधी तिजोरीत खडखडाट झाला, आणि दोनातली एकच गोष्ट राहणार अशी वेळ आली. एक तर ही बांधाची सेवा, नाहीतर रात्रीचा निवारा, जिथं घर नसलेली माणसं कडाक्याच्या थंडीत जीव धरून बसतात. व्हर्नानं निवाऱ्याच्या बाजूनं मत दिलं आणि घरी येऊन लॉर्नला सांगितलं.

"झकास केलंस," तो म्हणाला. "ते बाहेर गोठून मरण्यापेक्षा आम्ही म्हातारे जरा घाम गाळू. माझी ढेरीही उतरेल."

जानेवारीतल्या त्या सकाळी तो फावडं घेऊन बाहेर गेला. व्हर्ना स्वयंपाकघरात फोनवर होती. कचऱ्याची गाडी उशिरा येते म्हणून एक गृहस्थ तावातावानं बोलत होते. खिडकीतून तिला दिसलं, लॉर्न बांधावर बसलाय. दमला असेल, उठेल आता, असं तिला वाटलं. तिनं त्या गृहस्थांचं बोलणं पुरं ऐकून घेतलं. लॉर्न उठला नाही.

हे तिनं डॉक्टरांना सांगितलं. पाद्र्यांना सांगितलं. शेजारच्या एडविना प्लास्केटला तर दोनदा सांगितलं. मत मीच दिलं, खिडकीतून बघत मीच उभी राहिले. सगळ्यांचं एकच उत्तर, तुझा काय दोष? एडविनानं तिचा हात हातात घेतला, कुरवाळला, पण तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. व्हर्नाला तो हात सुद्धा हातमोज्यातून लागावा तसा लागला.

ही एडविना ज्येष्ठांच्या मंडळाची अध्यक्ष. नव्वदीला टेकलेली, पण आवाज खणखणीत. मार्चच्या सुरुवातीला ती व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आली ती चेहरा फुलवूनच.

"व्हर्ना, ऐक. बांधाची सेवा आपण परत आणतोय. अंदाजपत्रकाच्या बैठकीत ठराव येतोय, आणि त्याला नाव कुणाचं माहितीये? आपल्या लॉर्नचं!"

"मला विचारलं नाहीत," व्हर्ना म्हणाली.

"अगं, विचारायचं काय त्यात? तुला तेवढंच बरं वाटेल म्हणून गुपचूप केलं."

"आणि पैसे कुठून येणार?"

एडविनानं कपातला चमचा उगीच फिरवला. "कुठून येणार? निवाऱ्याचेच."

"मग ती माणसं कुठं जातील?"

"जातील गं कुठंतरी. पण आमच्यातला एक गेलाय, व्हर्ना. तुझाच गेलाय. आता तरी आमच्या बाजूनं बोट वर कर."

व्हर्ना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. एडविनानं ते होच धरलं आणि गावभर सांगितलं.

बैठक सकाळची होती. सभागृहाबाहेर तिसऱ्या वॉर्डाच्या रेजाँ तिबोदोनं तिला बाजूला घेतलं. रेजाँ तिचा जुना सहकारी, आकडेमोडीत पक्का.

"हे बघ, मी सगळ्यांची चाचपणी केलीये. तू मतदानाच्या वेळी बाहेर जा, माझ्या पैशानं कॉफी घे. तुझ्यावाचून मतं समान पडतात, आणि समान मतांचा ठराव आपल्याकडे पडतो. निवारा वाचला, आणि तुझ्या नावाला डागही नाही. घरात दुःख आहे, बाहेर गेली तर कोण बोलणार आहे?"

"तेच तर," व्हर्ना म्हणाली. "कोण बोलणार आहे."

"म्हणजे? जातेस ना बाहेर?"

"नाही."

"अगं बाई, एवढा सोपा रस्ता आहे!"

"कळलं रे मला. जा, बस जागेवर."

का नाही गेली, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. त्या ठरावावर लॉर्नचं नाव होतं. त्याच्या नावानं माणसं थंडीत काढायची, आणि आपण तेव्हा कॉफी प्यायची, हे तिच्या घशाखाली उतरेना, एवढंच.

सभागृहात मागच्या बाकांवर ज्येष्ठ मंडळी कोट सांभाळत बसली होती, पुढं एडविना. तिनं व्हर्नाला हात केला. कुणीतरी नाव पुकारून मतदान मागितलं. कारकून बाई एकेक नाव घेऊ लागल्या. बाजूनं. विरोध. बाजूनं. रेजाँचा विरोध झाला. तो व्हर्नाकडे बघायचं टाळत होता.

"नगरसेविका सावचुक?"

व्हर्ना माइककडे वाकली. "विरोध," ती म्हणाली.

ठराव फेटाळला गेल्याचं महापौरांनी जाहीर केलं तेही हळू आवाजात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. मागच्या बाकांवरून एक शब्द आला नाही. आता हेही गिळतील, व्हर्नाच्या मनात आलं. उद्या माझ्याकडे आणखी एक भांडं येईल.

तेवढ्यात एडविना उठली. पुढच्या बाकाला धरून उभी राहिली.

"नवरा गेला तेवढ्यानं भागलं नाही का गं तुझं?" ती ओरडली. "त्या दिवशी नुसती बघत उभी होतीस, आज पण नुसती बघत बस! मारलंस त्याला तू! तुझ्या त्या मतानं मारलंस!"

आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. "सॉरी," ती म्हणाली. "सॉरी, व्हर्ना. हे मला... सॉरी."

महापौरांनी शांतता राखा म्हणून टेबल ठोकलं. "त्यांना बोलू द्या," व्हर्ना म्हणाली. पण एडविनाजवळ आणखी काही उरलं नव्हतं. तिला दोघांनी धरून बाहेर नेलं. इतके आठवडे ती हे पोटात ठेवून दररोज चौकशीला येत होती, हे व्हर्नाला तेव्हा कळलं.

पुढचा विषय बाजारपेठेतल्या पार्किंगचा. कारकून बाईंनी नावं घ्यायला सुरुवात केली. व्हर्नाचं नाव आलं, तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. तिचे खांदे हलत होते, समोरच्या कागदावर थेंब पडत होते, आणि घशातून भलताच आवाज येत होता. महापौरांनी पाच मिनिटं थांबायचं का विचारलं. रेजाँनं पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला आणि कानाशी वाकून म्हणाला, "फार लागलं का गं तुला?"

व्हर्नानं नाक पुसलं. त्याच्याकडे बघितलं.

"लागलं," ती म्हणाली. "रेजाँ, मला लागलं रे."