कारभाऱ्याची पाचवी ओवी

मनकर्णाबाईचं जातं पहाटे घरघरलं की शेजारच्या बायका उठायच्या. पहिली ओवी मारोतीला, दुसरी गेलेल्या धन्याला, तिसरी लेकाला, चौथी सुनेला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी दळताना तिनं पाचवीही जोडली:

पाचवी माझी ओवी गं, गावच्या कारभाऱ्याले
बुद्धी दे रे मारोती, त्या एकल्या बिचाऱ्याले

कारभारी म्हणजे सरपंच किसनराव. सून कोकिळा हसायची. "आत्याबाई, नात्याचा ना गोत्याचा, त्याले कायले ओवी?"

"ज्याच्या हाती गाव, त्याच्यासाठी मागाच लागते पोरी."

कारभाऱ्याला शिव्या देणारे गावोगाव मिळतात. त्याच्यासाठी देवापुढं पदर पसरणारी त्या अख्ख्या गावात ही एकटीच होती.

त्या साली दुष्काळी कामातून नाल्यावर पाझर तलाव मंजूर झाला. जागा दोन. वरच्या अंगाला बांधला तर मनकर्णाबाईचा मळा बुडणार, खालच्या अंगाला बांधला तर अर्जुनरावाचं वावर. मळा म्हणजे दोन एकर, पण त्यातलीच वांगी न् सांबार, म्हणजे कोथिंबीर, साखरखेर्ड्याच्या बाजारात विकून तिनं लेक वाढवला होता. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "दोन्ही जागा चालतात. सरपंच, आठ दिवसांत तुम्हीच सांगा." आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

अर्जुनराव दुसऱ्याच दिवसापासून सरपंचाच्या ओसरीवर ठाण मांडून बसला. म्हाताऱ्या आईला नेऊन रडवलं, भाऊबंद नेले, पाव्हणे नेले. कोकिळा सासूच्या मागं लागली.

"आत्याबाई, तुमी एक डाव तरी जा ना!"

"त्याच्या डोक्यावर आधीच धोंडा हाय. आपन काऊन आनखी ठेवावा? त्याले निवांत इचार करू दे. मारोती देईन बुद्धी." लेकालाही तिनं जाऊ दिलं नाही.

पाणी तेव्हा माणशी मोजून मिळायचं. आपल्या वाट्यातला एक तांब्या ती रोज मारोतीच्या पायावर ओतत होती. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात, ही म्हण तिला ठाऊक होती. पण ती बाजारासाठी आहे, किसनरावासारख्या भल्या माणसासाठी नाही, असं तिला वाटायचं. भोळी म्हणावं की वेडी?

नवव्या दिवशी चावडीवर निकाल सांगितला गेला. तलाव वरच्या अंगाला.

संध्याकाळी किसनराव स्वतःच घरी आला. आठ दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. माणूस खरंच वाईट नव्हता, हेच तर दुःख.

"काकी, आठ दिस झोप नाही मले. अर्जुनरावाकून रोज मानसं येत व्हती. तुमच्याकून कोनीच नाही आलं. मले वाटलं, तुमची हरकत नाही. एक डाव येऊन सांगाले पायजे होतं."

"सांगत व्हती ना बापा. रोज सांगत व्हती." तिनं मारोतीच्या पाराकडं हात केला. "पन त्याले."

किसनरावानं मान खाली घातली. "आता कागद गेला, काकी."

पुढच्या महिन्यात काम सुरू झालं. मजुरीला दुसरं ठिकाण नव्हतं. मातीची पहिली पाटी मनकर्णाबाईनं उचलली ती आपल्याच वांग्यांच्या सरीतली. आयुष्यभर खत घातलेली ती माती हाताला अजून भुसभुशीत लागली, आणि सगळ्यांदेखत तिला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार ओव्या झाल्या आणि नुसतीच घरघर उरली. समोर खुंटा धरून बसलेल्या कोकिळानं वाट पाहिली, मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, पाचवी?"

"तू म्हन," मनकर्णाबाई म्हणाली. "पन अठी नको म्हनू. त्याच्या ओसरीवर जाऊन म्हन."

आणि तिनं जात्यात मूठभर मिलो टाकली.